पश्चिमेची खिडकी

देऊळगाव राजासारख्या तालुक्याच्या गावी नवे घर बांधावयास काढणारा मनुष्य पायाच्या खोलीविषयी, बोअरच्या पाण्याविषयी, सिमेंट-लोखंडाच्या दराविषयी आणि दर्शनी दाराच्या चौकटीवरील कोरीव कामाविषयी महिनोन्महिने विचारविनिमय करतो. परंतु ज्या खिडक्यांतून पुढील तीस-चाळीस वर्षे त्याच्या घरात प्रकाश, वारा, धूळ, पावसाची झड आणि वैशाखातले ऊन यांचा प्रवेश व्हावयाचा, त्यांचा निर्णय मात्र स्लॅब पडून गेल्यावर, गिलाव्याच्या घाईत, फॅब्रिकेटरने आणलेल्या नमुन्यांवर नजर फिरवून अर्ध्या तासात उरकतो. ही अनास्था मला फार दिवसांपासून सलत आली आहे. म्हणून जालना-चिखली रस्त्याच्या अंगास उभ्या राहत असलेल्या एका घराच्या ओट्यावर, खिडक्यांचे सामान मागविण्यापूर्वी, एका काका-पुतणीत जो वाद झाला आणि जो ऐकण्याचा योग मला आला, तो येथे देत आहे.

काका सार्वजनिक बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. त्यांचे बालपण जुन्या गावात, बालाजीच्या देवळापासून हाकेच्या अंतरावरील एका धाब्याच्या घरात गेले. पुतणी वास्तुशास्त्राची पदवीधर, पुण्यात नोकरीस. घर तिच्या वडिलांचे, भूखंड कोपऱ्याचा. पश्चिमेस मोठा रस्ता, दक्षिणेस गल्ली, उत्तरेस शेजाऱ्याची भिंत. आमचा हा तालुका घाटावरचा असल्यामुळे मलकापूर-शेगावकडील घाटाखालच्या मुलखाइतका तो भाजून निघत नाही, तरीही एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांपलीकडे सहज जातो, आणि पौषात पहाटे जाड पांघरुणावाचून निभाव लागत नाही. म्हणजे येथे घराला दोन्ही ऋतूंची तजवीज करावी लागते.

पुतणी : काका, तुम्ही केलेला कच्चा नकाशा मी पाहिला. पश्चिमेच्या भिंतीला तुम्ही एकही खिडकी ठेवलेली नाही, आणि स्वयंपाकघराला तर जेमतेम दोन फुटांची झडप दिली आहे. दर्शनी बाजूला आंधळी भिंत उभी करून आपण घराला कचेरीच्या कोठाराची कळा आणणार आहोत. माझी सूचना अशी, की पश्चिमेस चार बाय चारच्या दोन खिडक्या काढाव्यात, चौकटी यूपीव्हीसीच्या घ्याव्यात, काच दुहेरी बसवावी आणि कडांना रबराच्या पट्ट्या असाव्यात. म्हणजे रस्त्याची धूळ येणार नाही, ट्रकांचा आवाज येणार नाही आणि उष्णताही बाहेरच्या बाहेर राहील.

काका : धूळ आणि आवाज यांविषयी तू म्हणतेस ते मला मान्य आहे. उष्णता बाहेर राहील, हे मात्र मला हिशेबाने दाखव.

पुतणीने हिशेब मांडला, आणि तो तिने प्रामाणिकपणे मांडला, हे मला मुद्दाम नमूद करावेसे वाटते. कारण विक्रेत्यांच्या पत्रकांत या हिशेबाचा अर्धाच भाग छापलेला असतो. चार बाय चार फुटांच्या खिडकीचे क्षेत्र सुमारे दीड चौरस मीटर. बाहेर 42 अंश आणि खोलीत 30 अंश धरले, तर तापमानातील अंतर 12 अंशांचे. एकेरी साध्या काचेच्या प्रत्येक चौरस मीटरमधून, प्रत्येक अंशामागे, साधारण 5.8 वॅट उष्णता आत वाहते. मध्ये 12 मिलिमीटर हवेची पोकळी ठेवलेल्या दुहेरी काचेतून ती 2.8 वॅटच्या आसपास येते. म्हणजे एकेरी काचेतून शंभरेक वॅट आत येणार, दुहेरीतून पन्नास. बचत झाली ती पन्नास वॅटची.

काका : आणि ऊन?

पुतणी : मे महिन्यात दुपार कलल्यावर पश्चिमेच्या उभ्या काचेवर दर चौरस मीटरला सहाशे वॅटच्या आसपास ऊन पडते, म्हणजे एका खिडकीवर नऊशे वॅट. साधी एकेरी काच त्यातले सुमारे ऐंशी टक्के आत सोडते, आणि साधी दुहेरी सत्तर टक्के.

काका : तेव्हा तापमानाच्या फरकाने येणारी उष्णता शंभर वॅट, आणि उन्हाने येणारी सातशे. तुझी दुहेरी काच शंभराचे पन्नास करते खरी, परंतु सातशेचे करते सहाशे तीस. ज्या देशांत ही काच रूढ झाली, तेथे हिवाळ्यात बाहेर उणे दहा आणि आत वीस, असे तीस अंशांचे अंतर महिनोन्महिने टिकते, आणि सूर्य आत यावा म्हणून लोक आतुर असतात. तेथे तिचे मोल मोठे आहे. आपल्याकडे शत्रू वेगळा आहे. त्याच्यावर चालून जावयाचे, तर पहिला खर्च सावलीवर झाला पाहिजे.

पुतणी : आत जाड पडदे लावता येतील.

काका : पडदा उन्हाला अडवतो तो घरात येऊन चुकल्यावर. काचेतून प्रकाश आत शिरतो, पडद्यावर व फरशीवर पडून त्याची उष्णता होते, आणि त्या उष्णतेला त्याच काचेतून प्रारणाने परत जाता येत नाही. ती काच तापवते, हवा तापवते आणि घरातच मुक्काम करते. अडवावयाचे ते काचेच्या बाहेर. म्हणून छज्जा, झडप, चिक, ओसरी, झाड यांतले काहीही पडद्यापेक्षा अधिक कामाचे.

येथे पुतणीने पवित्रा बदलला. तिने सांगितले, की आता काचेवर धातूचा अतिसूक्ष्म लेप देतात, त्यास लो-ई म्हणतात, आणि या लेपाची उन्हाळी मुलखांसाठी केलेली काच घेतली तर उजेड पुष्कळसा आत येतो, पण उन्हाची उष्णता पंचवीस ते चाळीस टक्केच येते. काकांनी ही गोष्ट नाकारली नाही. जेथे सावली करणे शक्यच नाही, तेथे अशी काच अवश्य घ्यावी, आणि घेताना विक्रेत्याकडून उष्णतेचा आणि उजेडाचा असे दोन्ही आकडे लेखी मागावेत, असे ते म्हणाले; कारण नुसती गडद रंगाची काच खोलीत अंधार करते आणि स्वतः तापून आतल्या माणसाला शेक देत राहते. त्यांचा आक्षेप एवढाच होता, की लेपाला ऋतू कळत नाही. ज्येष्ठात जे ऊन तो परत पाठवतो, तेच पौषातल्या सकाळी आजीच्या खाटेवर यावे अशी आपली इच्छा असते, आणि तेव्हाही तो ते परतच पाठवतो.

पुतणी : मग ऋतू कळणारी वस्तू कोणती?

काका : दक्षिणेचा छज्जा. आपले गाव विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे 20 अंशांवर आहे. डिसेंबरच्या 22 तारखेस माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे कललेला, क्षितिजापासून सुमारे साडेशेहेचाळीस अंशांवर असतो. मार्च आणि सप्टेंबरमध्ये तो 70 अंशांवर चढतो. आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तर तो माध्यान्ही डोक्यावरून किंचित उत्तरेस सरकलेला असतो, म्हणजे दक्षिणेच्या भिंतीला तेव्हा त्याचे दर्शनच नाही. आता चार फूट उंचीच्या दक्षिणेच्या खिडकीवर, अगदी तिच्या माथ्यालगत, दोन फुटांचा छज्जा काढ. मार्चमध्ये माध्यान्ही त्याची सावली साडेपाच फूट खाली उतरते, म्हणजे सबंध खिडकी झाकली गेली. डिसेंबरमध्ये तीच सावली दोन फुटांवर थांबते, आणि खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागातून ऊन घरात येते. यात कोणी दोरी ओढावयास नको की बटण दाबावयास नको, आणि विजेचे बिल येत नाही.

पुतणी : पश्चिमेलाही तसाच छज्जा काढू.

काका : पश्चिमेला तो निकामी आहे. मेमध्ये संध्याकाळी साडेपाचला सूर्य क्षितिजापासून 20 अंशांहूनही खाली उतरलेला असतो. त्या वेळी दोन फुटी छज्ज्याची सावली खिडकीवर किती पडेल? आठ इंच. उरलेली सव्वातीन फूट काच उन्हासमोर उघडी. म्हणून मी तिकडे भिंतच ठेवली.

इथपर्यंतचा वाद ज्याने ऐकला असता त्यास वाटले असते, की काकांचे पारडे जड झाले. आणि हिशेबापुरते ते झालेही होते. परंतु यानंतर पुतणीने जे सांगितले, ते माझ्या मते त्या संध्याकाळचे सर्वांत मोलाचे बोलणे होय. तिचा आवाज वर चढला नव्हता. वर्षानुवर्षे मनात साठलेले ती अखेर बोलत होती.

पुतणी : काका, जुन्या घराचा गारवा तुम्ही नेहमी सांगता. दोन-दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर पांढऱ्या मातीचे धाबे, दिवसाची उष्णता आत पोचायला आठ-दहा तास, तोवर रात्र झालेली. हे सर्व शास्त्राला धरून आहे, आणि कॉलेजात मी ते शिकले आहे. पण त्या घरात मी आजीला पाहिलेले आहे. स्वयंपाकघराला एक हातभर झरोका, आणि वर धाब्याला धूर जाण्यापुरते सवणे. भर दुपारी तांदूळ निवडायला तिला सूप घेऊन ओसरीवर यावे लागे, आणि ओसरीवर पुरुषमंडळी बसलेली असली तर तेही नाही. चुलीचा धूर त्याच खोलीत फिरे. तिचे डोळे साठीच्या आतच अधू झाले. त्याला धूर किती कारण आणि वय किती हे मी सांगू शकत नाही, पण त्या खोलीत उजेड नव्हता हे मी सांगू शकते. त्या घराच्या खिडक्या लहान होत्या त्या केवळ उन्हाच्या भयाने नव्हत्या; चोरांचे भय होते, आणि घरातली बाई बाहेरून दिसू नये हीही व्यवस्था होती. तुमच्या नकाशातली स्वयंपाकघराची दोन फुटी झडप मी पाहिली, तेव्हा मला ती व्यवस्था पुन्हा दिसली. गारव्यासाठी किंमत मोजावीच लागत असेल, तर ती प्रत्येक वेळी स्वयंपाकघरानेच का मोजावी?

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मीही येथे माझे मत सांगून टाकतो: जुन्या वास्तूंचा गौरव करणाऱ्या आपल्याकडील लेखनात या प्रश्नाला बहुधा स्थान मिळालेले नाही, आणि ते मिळाल्यावाचून त्या गौरवाला पूर्णत्व नाही. भिंतीच्या जाडीचे शास्त्र आपण जतन करावे, आणि अंधाराचा शिरस्ता मोडावा. या दोन गोष्टी एकमेकींस बांधलेल्या नाहीत.

काका : तुझे म्हणणे मी मान्य करतो. स्वयंपाकघराची खिडकी दक्षिणेस घेऊ, मोठी घेऊ. तेथे छज्जा तिचे रक्षण करील. पण पश्चिमेचे काय?

पुतणी : पश्चिम बंद करायला मी तयार नाही, आणि त्याचे कारण वारा. पावसाळ्यात आपल्याकडचा वारा नैर्ऋत्य-पश्चिमेचा. जुलै-ऑगस्टात हवा दमट असते, कूलर निरुपयोगी होतो, तेव्हा घाम वाळवणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे अंगावरून जाणारी झुळूक. जिकडून ऊन वाईट, तिकडूनच वारा चांगला, असा आपला पेच आहे. आंधळी भिंत त्यातला अर्धाच सोडवते.

काका : तो पेच खरा आहे. आणि तुझ्या रबराच्या पट्ट्यांविषयीही मला बोलावयाचे होते, ते याच संदर्भात. आपल्या गावी उन्हाळा कूलरवर निघतो. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या जाळीतून ओढून आत लोटतो. ती हवा समोरच्या खिडकीतून बाहेर पडलीच पाहिजे, नाहीतर तासाभरात खोली दमट होते आणि कूलर नुसता आवाज करीत राहतो. घट्ट मिटणारी खिडकी एअर कंडिशनरला हवी. कूलरला समोरची उघडी खिडकी हवी. पुण्याच्या इमारतीसाठी योग्य असलेली खिडकी येथे आणून बसवली, आणि ती उघडलीच नाही, तर पैसे देऊन आपण कोंडमारा विकत घेतला.

पुतणी : पण एअर कंडिशनर येथेही येणार आहे, काका. बाबांनी एका खोलीसाठी तो ठरवलासुद्धा आहे. त्या खोलीला घट्ट खिडकी आणि चांगली काच लागेलच.

काका : त्या एका खोलीला दे. सबंध घराला देऊ नकोस. वीज गेली, की त्या खोलीतून उठून माणसाने कोठे यावे, याचाही विचार कर.

वादाचा हा भाग मला विशेष महत्त्वाचा वाटतो. ऊर्जेची बचत म्हणजे यंत्र चालू असताना विजेचा मीटर किती मंद फिरतो एवढीच गोष्ट नव्हे. वर्षातील किती दिवस ते यंत्र लावावेच लागले नाही, हा तिचा मोठा भाग आहे. घाटावरच्या आमच्या गावी उन्हाळ्यातही उत्तररात्री हवा निवते. त्या हवेने भिंती, फरशी आणि स्लॅब निववून घेतले, सकाळी नऊ-साडेनऊच्या सुमारास झडपा लावून घेतल्या आणि सूर्यास्तानंतर पुन्हा उघडल्या, तर वर्षातील पुष्कळसे दिवस पंख्यावर निभावतात. यासाठी खिडकी उघडताना पूर्ण उघडली पाहिजे. बाजारात ज्यांचा सुळसुळाट आहे त्या सरकत्या खिडक्या कितीही ओढल्या तरी निम्म्याच मोकळ्या होतात; चार फुटी खिडकीचे पैसे द्यावयाचे आणि वारा दोन फुटांतून घ्यावयाचा. बिजागरीची, पाख्यांची खिडकी पूर्ण उघडते, आणि मिटली म्हणजे सरकतीपेक्षा घट्टही बसते.

केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने डिसेंबर 2018 मध्ये निवासी इमारतींसाठी जी इको निवास संहिता प्रसृत केली, तिच्यातही उघडणाऱ्या भागाचा स्वतंत्र हिशेब सांगितला आहे. घराच्या फरशीच्या क्षेत्राशी त्याचे प्रमाण उष्ण-कोरड्या हवामानात निदान 10 टक्के आणि संमिश्र हवामानात साडेबारा टक्के असावे, असा तो दंडक. संहिता मोठ्या भूखंडांवरील बांधकामे डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली आहे, तालुक्याच्या गावच्या घरमालकाकडे तिचे फर्मान घेऊन कोणी येणार नाही. तथापि हजार चौरस फुटांच्या घरास निदान शंभर-सव्वाशे चौरस फूट जागा खरोखर उघडावी, हे माप मनाशी धरून नकाशा तपासण्यास कोणाचीच हरकत असू नये. त्याच संहितेने छताची मर्यादाही घालून दिली आहे, आणि नुसता काँक्रीटचा स्लॅब तिच्या जवळपासही येत नाही. तेव्हा एकमजली घर बांधणाऱ्याने महागड्या काचेची दरखास्त मंजूर करण्याआधी गच्चीवर पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी किंवा निदान दर साल चुन्याचा हात, एवढा खर्च आधी मंजूर करावा.

पश्चिमेच्या प्रश्नाला वाट काढली ती पुतणीने. तिने नकाशाच्या कोऱ्या जागेत पश्चिमेस चार फूट रुंदीची ओसरी काढली, आणि ओसरीच्या बाहेरच्या अंगास विटांची जाळी. छत्रपती संभाजीनगरच्या बीबी-का-मकबऱ्यातील संगमरवरी जाळ्या काकांनी पाहिलेल्या होत्या. तीच कल्पना साध्या विटांत लॉरी बेकर यांनी केरळात, तिरुवनंतपुरमच्या परिसरात, किती काटकसरीने राबवली हे तिने त्यांना सांगितले. तिरपे ऊन विटांच्या जाडीवर अडते, वारा भोकांतून आत येतो, आणि ओसरीच्या आत बसवलेली काच दिवसभर सावलीत राहते. मग ती काच साधी एकेरी असली तरी चालते.

काका : जाळीत धूळ बसेल. आपल्याकडे काळ्या मातीची धूळ, ती झाडली म्हणजे जाते असे नाही.

पुतणी : बसेल, आणि महिन्याकाठी पाणी मारून ती धुवावी लागेल. वाऱ्याचाही काही जोर जाळी खाईल. या दोन उणिवा मी लपवत नाही. आतल्या खिडकीला मच्छरजाळीची पाखे आणि लोखंडी गज दोन्ही द्यावे लागतील, कारण रात्री खिडकी उघडी ठेवा असे सांगायचे आणि आतल्या माणसाला निर्धास्त झोप लागेल अशी व्यवस्था करायची नाही, हे बरोबर नाही. आई एकटी असली म्हणजे आज ती मे महिन्यातही खिडक्या लावून झोपते.

काका : गज मी बारा मिलिमीटरचे धरतो, चार इंचांवर एक. चौकटी?

पुतणी : अॅल्युमिनियम नको. लाकूड किंवा यूपीव्हीसी यांच्यापेक्षा ते हजारपटीहून अधिक वेगाने उष्णता वाहते. सागवान मिळाले आणि परवडले तर सागवान, नाहीतर एअर कंडिशनरच्या खोलीला यूपीव्हीसी आणि लेपाची दुहेरी काच. त्या खोलीची खिडकी मी पूर्वेला नेते.

काका : पूर्वेलाही ऊन तिरपेच येते.

पुतणी : येते, पण रात्रभर निवलेल्या भिंतीवर येते, आणि दहापर्यंत झडप लावून ठेवली की भागते. पश्चिमेचे ऊन दिवसभर तापलेल्या घरावर पडते. शिवाय त्या काचेला लेप आहेच.

काका : ठीक आहे. स्वयंपाकघराची खिडकी मग चार फूट रुंद धरू?

पुतणी : पाच. ओट्याच्या उंचीपासून वर, आणि पाखे बाहेर उघडणारी, म्हणजे ओट्यावरचे सामान हलवावे लागणार नाही.

काका : पाच फुटांवर लिंटेलला गज वाढवावा लागेल.

पुतणी : वाढवा.

काका : आणि छज्जा दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट पुढे न्यावा लागेल, नाहीतर सकाळ-संध्याकाळचे ऊन कडेने शिरेल.

पुतणी : तोही न्या. माप मी आजच नकाशावर चढवते. सेंटरिंग उद्या बांधणार आहेत.